उतरवून काढलेलं पान

ह्यांना रुग्णालयात सगळे मोतीसाहेब म्हणत. साहेब ते कधीच नव्हते. रेकॉर्ड रूमचे कारकून होते, एकोणतीस वर्षं त्याच एका तळघरात. पण अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं, इतकं की अधीक्षकांची महत्त्वाची पत्रंसुद्धा ह्यांच्याकडून लिहून घेतली जायची. आमचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांचा फोटो आमच्या घरी यायच्या आधी ह्यांचं पत्र आलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीने ते खिडकीशी नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "माणूस कसा का असेना, ह्याच्या चिठ्ठ्या तरी वाचता येतील."

ह्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण लिहिताना हात जड होतो. ह्यांच्या आयुष्यात जे एकच वाकडं पाऊल पडलं, ते माझ्यामुळे पडलं. ते ह्यांनी कोणाला सांगितलं नाही. म्हणून मी लिहिते.

त्या तळघरात मी दोन-तीनदाच गेले असेन. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, एक सरकती शिडी, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि कोपऱ्यात ह्यांचं टेबल. मांडणीच्या प्रत्येक कप्प्यावर ह्यांच्या अक्षरातली चिठ्ठी, वर्ष आणि क्रमांक. कोणी येऊन म्हणालं, "अमक्या साली माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं," की हे चहाचा कप खाली न ठेवता शिडीवर चढत आणि फाईल घेऊनच उतरत.

एकदा नदीकाठी एक मृतदेह सापडला होता. कोण, कुठला, काहीच कळेना. पोलिसांनी आणलेल्या कागदावर एवढंच होतं की मांडीच्या हाडात जुनी धातूची पट्टी बसवलेली आहे आणि तिच्यावर आकडे कोरलेले आहेत. हे चार दिवस हाडांच्या विभागाच्या जुन्या फायली उपसत बसले. पाचव्या दिवशी आकडे जुळले. फाईलमध्ये आईचा पत्ता होता. ती म्हातारी नऊ वर्षं मुलाची वाट पाहत होती. तिला वाईटच बातमी मिळाली, पण वाट पाहणं संपलं. त्या संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, "डॉक्टरने पट्टी बसवताना आकडा लिहून ठेवायचा आळस केला असता, तर तिला आपला मुलगा मिळाला नसता." अशा माणसाची मी बायको.

काम वाढत गेलं आणि रेकॉर्ड रूममधला दुसरा माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी कोणी आलंच नाही. फायली शिवायच्या राहू लागल्या. केसपेपर, नाडीचा तक्ता, सिस्टरांनी लिहिलेली पानं, तपासण्यांचे कागद हे सगळं क्रमाने लावायचं, पानांवर आकडे घालायचे आणि डाव्या बाजूने दाभणाने शिवायचं. हे फायली पिशवीत घालून घरी आणू लागले. नियमात ते बसत नव्हतं. पण पाहतं कोण? आणि शिवत होते मी. ह्यांच्या हातून दाभण कागदाऐवजी बोटात जायचं.

मला ते काम आवडायचं. रुग्णालयात तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी एकदा म्हटलं होतं, की अशा नीटनेटक्या फायली त्यांनी कुठे पाहिल्या नाहीत. हे घरी येऊन मला म्हणाले, "अर्धं कौतुक तुझं." मी वरवर म्हटलं, "माझं कसलं?" पण मनातून फुगले. तो फुगलेपणा पुढे नडला.

त्या दिवशी दुपारी मी देवाच्या फळीखाली खिडकीशी बसले होते, कारण उजेड तिथेच चांगला येतो. मांडीवर पाट आणि पाटावर एका सुताराची फाईल. पाळण्यावरून पडून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. पाळणा म्हणजे इमारतीला बाहेरून रंग-लाकूडकाम करताना बांधतात तो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला तो वॉर्डातच वारला. गेलेल्या माणसाची फाईल आठवड्यात लावून ठेवायची असते, म्हणून हे ती घाईने घेऊन आले होते. शिवता शिवता मी वर पाहिलं तर देवापुढचा दिवा फडफडत होता. उठायचा कंटाळा केला; तेलाची बाटली सकाळच्या पूजेपासून शेजारीच राहिली होती. बसल्या जागेवरून हात वर करून बाटलीने तेल घालायला गेले. कोपर फळीला लागलं आणि बाटली आडवी होऊन पाटावर आली.

मी पटकन फाईल उचलली, पदराने टिपली. उघडं होतं ते सिस्टरांचं पान, सुताराच्या शेवटच्या दिवसाचं. त्याच्यावर मधोमध वीतभर डाग पसरला.

हे आले तेव्हा मी रडतच होते. ह्यांनी पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "राहू दे डागासकट. खाली एक ओळ लिहितो, अमुक तारखेला तेल सांडलं. त्याखाली माझी सही. झालं."

"आणि लोक काय म्हणतील? मोतीसाहेबांची बायको फायलींवर तेल ओतते? फाईल घरी नेली होती हे कळेल त्याचं काय?"

"कळू दे."

"तुमचं अक्षर आहे ना एवढं? दुसऱ्या पानावर उतरवून काढा की. काना-मात्रेचा फरक करू नका, म्हणजे झालं."

"रुग्णाच्या कागदाला असा हात लावायचा नसतो गं."

मी जेवले नाही. बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही चहा ह्यांच्यासमोर आपटून ठेवला. शेवटी ह्यांनी टेबलाच्या खणातून कोरा छापील कागद काढला आणि उतरवायला घेतलं. वेळा, औषधं, नाडीचे आकडे, सगळं. शेवटी सिस्टरांची सही आली तेव्हा ह्यांचा हात थांबला.

"आता ही काय मोकळी सोडू?" ते चिडून म्हणाले आणि सहीसुद्धा काढली. ह्यांना काम अर्धवट सोडता येत नाही, हा ह्यांचा गुण. त्या दिवशी तोच दोष झाला.

ह्यांचं लिहून होताच मी जुनं पान शेगडीवर धरलं. ह्यांनी विचारलं, "जुनं कुठंय?" मी म्हटलं, "जाळलं." नवं पान मी जुन्याच भोकांतून शिवलं.

ते पान लिहिलं होतं मोठ्या सिस्टरांनी. त्या आमच्या समोरच्याच घरात राहतात; मधे फक्त गल्ली. एकट्या. सतरा वर्षांची नोकरी. मला वहिनी म्हणत. माझ्या थोरल्या नणंदेचे, वन्संचे, गुडघे दुखायचे तेव्हा ड्यूटीवरून परत येताना वर येऊन शेक देऊन जायच्या. वन्सं आमच्याकडेच असतात आणि त्यांची जीभ गुडघ्यांपेक्षा खूपच चांगली चालते. त्यांच्याकडून कौतुक मिळणं सोपं नाही, पण सिस्टरांना त्या म्हणायच्या, "तुझ्या हाताला देवाने कापूस लावलाय बघ."

तीन महिने गेले. मग सुताराच्या भावाने तक्रार केली. त्याचं म्हणणं होतं, माझा भाऊ दोन तास श्वासासाठी तडफडत होता आणि कोणी ढुंकून पाहिलं नाही. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "मला कोणी कळवलंच नाही. पावणेसातला मी स्वतःहून फेरीला आलो." सिस्टर म्हणाल्या, "पाच वाजल्यापासून कळवत होते. फोन केले, ऑक्सिजन लावला, रक्त तपासणीला पाठवलं. माझ्या पानावर वेळेसकट लिहिलंय, काढून बघा." सिस्टरांना तात्पुरतं कामावरून काढलं. गुन्हा नोंदला गेला. निष्काळजीपणा ठरला असता तर नोकरी जाणार होतीच, वर तुरुंगही होता. आणि त्यांचा सगळा भरवसा त्या एका पानावर होता.

पोलिसांनी फाईल मागितली. ह्यांनी काढून दिली, पावतीवर सही घेतली. घरी आले ते बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसले.

"सांगून टाकतो," हे म्हणाले.

"काय सांगणार? पान तिच्याच बाजूचं आहे ना? तिने लिहिलं तेच तुम्ही उतरवलंय. तेच तिला सोडवील. उगाच कशाला ओढवून घेता?"

दुसऱ्यांदाही मीच अडवलं. तेल सांडलं ती चूक झाली म्हणता येईल. पण हे मी शुद्धीवर राहून, पदर सावरून, शांतपणे बोलले.

पंधरा दिवसांनी ते उघडं पडलं. सुताराचं शवविच्छेदन ज्या डॉक्टरबाईंनी केलं होतं, त्यांच्याकडेच फाईल अभ्यासाला गेली होती. त्यांनी पानं नुसती वाचली नाहीत, एकेक पान खिडकीशी धरून पाहिलं. सिस्टरांच्या पानाच्या आधी नाडीचा तक्ता होता. त्याच्यावर तेलाचं फिकट वर्तुळ. पुढचं पान डॉक्टरांचं. त्याच्यावरही बरोबर त्याच जागी वर्तुळ. मधलं पान मात्र कोरं करकरीत. तेल मधल्या पानावरून उडी मारून जात नाही. त्यांनी सिस्टरांना बोलावून विचारलं, "ही सही तुमची?"

सिस्टर आधी म्हणाल्या, "हो." मग परत पाहिलं. "नाही. माझीच आहे, पण मी काढलेली नाही. मी शेवटचं अक्षर असं वळवत नाही."

हो म्हणून थांबल्या असत्या तर चाललं असतं. त्या थांबल्या नाहीत. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं आणि त्या खरेपणाने त्यांचा एकुलता एक पुरावा त्यांच्याच तोंडून गेला. लोक म्हणू लागले, बाईने कारकुनाला धरून पान बदलून घेतलं आणि खरं पान तेल ओतून नाहीसं केलं.

तपास अधिकारी आमच्या घरी आले, सोबत लिहून घेणारा एक शिपाई. मी पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन दारात उभी होते. ह्यांनी सगळं कबूल केलं. फाईल घरी आणली, पान उतरवलं, सही काढली.

"तेल कोणाच्या हातून सांडलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझ्या," हे म्हणाले.

"जुनं पान कोणी जाळलं?"

"मीच."

शिपायाने लिहून घेतलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी भांडं टेबलावर ठेवलं आणि आत गेले. आत वन्सं बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्या फक्त हळूच म्हणाल्या, "मूग गिळलेस ना? पचव आता."

त्या दिवसापासून मी देवाला रोज सगळं सांगायचे. अगदी तपशिलाने सांगायचे, कोपर, बाटली, शेगडी. सिस्टरांना सोडव म्हणून नाक घासायचे. उपास धरले. आज कळतं की जे एका माणसाला सांगायचं होतं ते मी देवाला सांगत होते, कारण देव जबाब लिहून घेत नाही.

डॉक्टरबाई मात्र तिथेच थांबल्या नाहीत. त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं. ह्यांना वाटलं आता आणखी बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "मोतीसाहेब, पान गेलं ते गेलं. पण त्या संध्याकाळी वॉर्डात जे झालं, ते त्या एकाच पानावर झालं का? रुग्णालयात एक गोष्ट किती ठिकाणी लिहिली जाते हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे."

हे नंतर मला म्हणाले, "अंधारात कोणी दिवा हातात दिल्यासारखं झालं." तपास अधिकारी सोबत घेऊन ह्यांनी तीन दिवस रुग्णालयाचे सगळे कोपरे पालथे घातले. वॉर्डातून डॉक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत फोन करायचा तर टेलिफोन ऑपरेटरकडून जावा लागतो. ऑपरेटरबाई प्रत्येक फोनची नोंद करतात. त्यांच्या वहीत त्या तारखेला होतं, पाच वाजून पाच मिनिटं, वॉर्ड चार, विश्रांती खोली, घंटा गेली, उत्तर नाही. पाच वीस, पुन्हा, बोलणं झालं. भांडारात ऑक्सिजनच्या सिलिंडरची चिठ्ठी सापडली, पाच पंधराची, सिस्टरांच्या खऱ्या सहीची. प्रयोगशाळेत रक्ताची बाटली पाच चाळीसला पोचल्याची नोंद, शेजारी लाल शाईत 'तातडीचे'. आणि फाईलमधला तो तेलाचा डाग पडलेला नाडीचा तक्ता, दुपारी तीनपासून पायरी-पायरीने वर चढत गेलेला. डॉक्टरबाईंना सुताराच्या छातीत रक्त साठलेलं आढळलं होतं, हळूहळू, काही तासांत साठलेलं. सगळं एकमेकांशी बरोबर बसत होतं. चार वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी, कोणाला कोणाची खबर नाही, आणि चारही एकच गोष्ट सांगत होत्या.

त्या तीन दिवसांत हे पुन्हा पूर्वीसारखे जेवले. मला वाटलं, सुटले आता. सिस्टर सुटल्या, हे सुटले, आणि माझं नाव न घेता सगळं मिटलं.

ते कोर्टात उलटलं.

मी आणि वन्सं मागच्या बाकावर होतो. हे साक्षीच्या पिंजऱ्यात उभे. सुताराच्या भावाचे वकील उंच, सडपातळ, बोलायला अतिशय गोड.

"तेल कसलं होतं?" त्यांनी विचारलं.

हे गडबडले. "खायचं."

"फाईल शिवताना खायचं तेल कशाला हवं होतं?"

"...भूक लागली होती."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही चष्मा पुसला. वकील हसले नाहीत.

"घरात स्वयंपाक तुम्ही करता?"

"नाही."

"तेलाची बाटली घरात कुठे असते?"

ह्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"फाईल शिवायचं दाभण केवढं असतं, हाताने दाखवाल?"

ह्यांनी दाखवलं. ते कोणत्याही दाभणापेक्षा दुप्पट होतं.

"बरं. आरोपी बाई तुमच्या घरी यायच्या?"

"समोरच राहतात."

"रोज यायच्या?"

"बहिणीच्या गुडघ्यांना शेक द्यायला..."

"रोज यायच्या. बायकोदेखत की बायको नसताना, ते मी विचारत नाही." मग ते न्यायाधीशांकडे वळले. "ह्या गृहस्थांनी एका बाईसाठी पान बनवलं, सही बनवली. कशासाठी बनवलं ह्याचं ह्यांच्याकडे एकही धड उत्तर नाही. आणि ह्याच गृहस्थांनी बोट दाखवून वह्या काढून दिल्या. ज्या हाताने पान बनवलं, त्या हाताने वह्या बनवल्या नसतील कशावरून?"

सिस्टर आरोपीच्या जागी बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली, ती कोर्ट उठेपर्यंत वर केली नाही. मला आजही ती मान दिसते. नोकरी जाईल, तुरुंग होईल, हे मला माहीत होतं. पण त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर असा डाग पडेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि तो पडला होता मला झाकण्यासाठी ह्यांनी सांगितलेल्या खोट्यातून.

घरी येताना वन्सं जिन्यातच फुटल्या. "खायचं तेल! भूक लागली होती! माझ्या भावापुढे तेलाची बाटली आणि शाईची बाटली ठेव, पेन तेलात बुडवील. ह्याला खोटं बोलायला लावलंस तेही अशा विषयात, ज्यातलं ह्याला ओ की ठो कळत नाही!"

"मी नाही लावलं. ते आपणहून बोलले."

"आणि तू आपणहून गप्प बसलीस. उद्या तू बोलतेस की मी बोलू? माझे गुडघे कोर्टाचा जिना चढतील, एवढं लक्षात ठेव."

हे आमच्या मागून येत होते. ह्यांनी ऐकलं. एवढंच म्हणाले, "हिचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही." ते ऐकून मला हायसं वाटलं. काय लपवायचं? आधी हायसं वाटलं, मग स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना समोर पाहिलं. सिस्टर गॅलरीत आपला कामाचा पांढरा पोशाख दोरीवर झटकून वाळत घालत होत्या. आठ महिने झाले तो अंगावर चढला नव्हता. तरी दर आठवड्याला धुतला जात होता. मी केरसुणी खाली ठेवली, साडी बदलली, ह्यांना काही न सांगता सिस्टरांच्या वकीलबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुमच्या ह्यांनी जबाबात खोटं सांगितलं हे सिद्ध होईल. त्याची त्यांना शिक्षा वेगळी. ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, "आता ठाऊक झालं." त्यांनी चहा मागवला, तो गार झाला. शेवटी म्हटलं, "तारीख कधीची आहे?"

त्या तारखेला मी पिंजऱ्यात उभी राहिले. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर वेगळेच शब्द आले. मी दिवा सांगितला, फळी सांगितली, कोपर सांगितलं. दाभण केवढं ते दाखवलं. बाटली ओट्याखालच्या दुसऱ्या कप्प्यात असते, तिचं बूच हरवलंय म्हणून मी कापडाची गुंडाळी घालते, हेही सांगितलं. उतरवून काढायला मी भाग पाडलं आणि पान मी जाळलं, हे सांगितलं.

ते गोड बोलणारे वकील पुढे आले. "नवऱ्याला वाचवायला आलात, ताई?"

"नाही," मी म्हटलं. "वाचवायचं असतं तर घरी बसले असते. त्यांनी खोटं सांगितलं हे सांगायला आले आहे."

त्यांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले. मग बसले. हे समोर होते. पस्तीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर डॉक्टरांनाही पुन्हा बोलावलं. तीस तास सलग ड्यूटी झाल्यावर ते झोपले होते. फोन उचलला होता, येतो म्हणाले होते आणि तसेच पुन्हा झोपले. सांगताना ते रडले. पोरगेलेसेच होते. त्यांचा राग यायला हवा होता, पण मला तो हक्क आहे असं वाटलं नाही.

निकालात उतरवलेलं पान विचारात घेतलं नाही. ऑपरेटरच्या, भांडाराच्या आणि प्रयोगशाळेच्या नोंदी धरल्या, नाडीचा तक्ता धरला आणि सिस्टर निर्दोष सुटल्या. ह्यांच्यावर रुग्णालयाची वेगळी चौकशी बसली. फाईल बाहेर नेली, कागद बदलला, खोटा जबाब दिला. नोकरीची दोन वर्षं उरली होती म्हणून काढलं नाही. रेकॉर्ड रूममधून उचलून चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथे लिहायचं काहीच नसतं. दात कुठे दाखवायचे, डोळे कुठे तपासतात, एवढंच सांगायचं. तळघराची किल्ली ह्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "एकदा मला सांगून जायचं होतंस."

"तुम्ही अडवलं असतं."

"अडवलं असतं," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सिस्टरांना परत कामावर घेतलं. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. गुन्हा नोंदला गेल्यापासून पहिल्यांदा. वन्सं आतून ओरडल्या, "कोण, सिस्टर का? ये बाई, माझे गुडघे तुझी वाट बघून म्हातारे झाले!" सिस्टर हसल्या, पण आत गेल्या नाहीत. माझ्यासमोर खुर्चीत बसल्या. मी आठ दिवस जे पाठ करून ठेवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "कोर्टात कोणी विचारलं नाही. तेल सांडल्यावर पान वाचता येत होतं?"

मी खिडकीकडे पाहिलं.

"येत होतं."

"सगळं?"

"सगळं. डाग होता, पण अक्षर अन् अक्षर दिसत होतं. तुमची सहीसुद्धा."

त्यांनी मान हलवली. "मला वाटत होतं, शाई पार ओघळून गेली असेल. त्याशिवाय कोणी असं करणार नाही. मी तीच समजूत धरून बसले होते."

"मला लाज वाटली होती. फाईल खराब दिसली असती म्हणून..."

"फाईल खराब दिसली असती," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतंच म्हणाल्या. मग उठल्या. दारापाशी जाऊन थांबल्या. "मी समोरच राहत होते, वहिनी. आठ महिने. गल्ली ओलांडायला किती पावलं लागतात?"

मग आत जाऊन त्यांनी वन्संच्या गुडघ्यांना शेक दिला, नेहमीसारखा, अर्धा तास. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. वन्सं काहीबाही बडबडत होत्या, सिस्टर हो हो म्हणत होत्या. जाताना त्यांनी ह्यांना हाक मारली, "येते हं, मोतीसाहेब." मला काही म्हणाल्या नाहीत.

आता त्या रोज येतात. वन्संकडे येतात. माझ्याशी बोलतात, पाणी मागतात, गॅस संपला तर सांगतात. अजून मला वहिनी म्हणतात. पण पूर्वी दार ढकलून थेट आत यायच्या. आता बाहेरून कडी वाजवतात आणि मी उघडेपर्यंत उभ्या राहतात.